पट्टी, चुंबक आणि मेंदू : पासी ते शेफील्ड, एका उपचाराचा इतिहास

१/२४
सन १७८४. पॅरिसलगतच्या पासी या गावी एका बागेत बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यात आली. बागेतील जर्दाळूच्या एका झाडात ‘चुंबकशक्ती’ भरली आहे आणि त्या झाडाला कवटाळताच तिचा परिणाम जाणवेल, असा दावा होता. मुलगा एकेका झाडाला मिठी मारत पुढे सरकला आणि चौथ्या झाडापाशी शुद्ध हरपून कोसळला. शक्ती भरलेले झाड मात्र तेथून दूर होते.

त्यानंतर २३४ वर्षांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूवर चुंबकाचे खरे उपचार घेतलेल्यांपैकी ४१ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. खोटे उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान घडलेल्या इतिहासाचा हा धागा.

२/२४
प्रारंभ फ्रान्झ मेस्मर या वैद्यापासून. व्हिएन्नात १७७० च्या दशकात ते रुग्णांच्या अंगावर पोलादी चुंबक ठेवून उपचार करीत. पुढे त्यांनी चुंबकही बाजूला सारले. सर्व विश्व एका सूक्ष्म प्रवाहाने व्यापले आहे, तो प्रवाह शरीरात अडला की आजार होतो आणि वैद्य केवळ हाताच्या हालचालींनी तो मोकळा करू शकतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्याला त्यांनी नाव दिले ‘प्राणिज चुंबकत्व’.

१७७८ मध्ये ते पॅरिसला आले आणि शहराने त्यांना डोक्यावर घेतले. रुग्ण लाकडी पिंपाभोवती दाटीने बसत, पिंपातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया दुखऱ्या भागाला लावत, थरथरत, रडत, मूर्च्छित होत. त्यांतील अनेकांना खरोखर बरेही वाटत असे.

३/२४
मार्च १७८४ मध्ये राजा सोळावा लुई याने चौकशी आयोग नेमला. त्यातील नावे पाहिली तरी थक्क व्हायला होते. अमेरिकेचे वकील म्हणून फ्रान्समध्ये राहणारे ७८ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन, आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणारे आंत्वान लाव्हाझिये, खगोलशास्त्रज्ञ झां-सिल्व्हँ बायी आणि वैद्य जोसेफ-इग्नास गियोतँ.

याच गियोतँ यांचे नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटले. बायी यांचा १७९३ मध्ये आणि लाव्हाझिये यांचा १७९४ मध्ये त्याच यंत्राने अंत झाला. १७८४ मध्ये मात्र ही सारी मंडळी एका शांत प्रश्नाचे उत्तर शोधत एकत्र बसली होती : हा प्रवाह अस्तित्वात आहे काय?

४/२४
आयोगाने मेस्मर यांचे शिष्य देस्लाँ यांच्या उपचारांची परीक्षा घेतली. फ्रँकलिन प्रकृतीमुळे फारसे बाहेर पडत नसत, म्हणून काही प्रयोग पासी येथे त्यांच्या निवासस्थानीच झाले. जर्दाळूच्या झाडाचा प्रयोग त्यांपैकीच एक.

एका स्त्रीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, देस्लाँ तिच्यावर शक्ती सोडत आहेत, असे सांगितले गेले. ते तसे काहीही करीत नव्हते. तरीही काही मिनिटांत तिला झटके येऊ लागले. दुसऱ्या एका स्त्रीपुढे पाण्याचे पेले ठेवले. साध्या पाण्याने ती अस्वस्थ झाली आणि ‘शक्ती भरलेला’ पेला मात्र शांतपणे पिऊन मोकळी झाली.

५/२४
आयोगाचा अहवाल ऑगस्ट १७८४ मध्ये आला. त्याचा सारांश असा : कल्पना असेल तर चुंबकत्वाविनाही झटके येतात, कल्पना नसेल तर चुंबकत्वाने काहीही होत नाही.

या अहवालाचा वारसा दुहेरी आहे. चुंबकाने रोग बरा करण्याची भाषा त्यानंतर दीर्घकाळ भोंदूपणाशी जोडली गेली. दुसरीकडे, आजही प्रत्येक नव्या औषधाला ज्या चाचणीतून जावे लागते, त्या ‘अंध’ चाचणीचे एक आद्य रूप याच बागेत घडले. डोळ्यांवरची पट्टी हे विज्ञानाचे साधन झाले. एक प्रश्न मात्र आयोगाने बाजूला ठेवला. कल्पनेने एवढे घडत असेल, तर कल्पना शरीरात नेमके काय करते?

६/२४
चुंबकाची पत गेली आणि विजेची वाढली. १७९१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. मृत प्राण्याचा स्नायू विजेने आखडतो, हे त्यातून दिसले. त्यांचा भाचा जोव्हान्नी अल्दिनी याने हे प्रयोग थेट माणसांपर्यंत नेले. १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शवावर त्याने विद्युतप्रवाह सोडला, तेव्हा जबडा थरथरला, एक डोळा उघडला आणि पाहणाऱ्यांचा थरकाप उडाला.

याच अल्दिनीने खिन्नतेने ग्रासलेल्या रुग्णांच्या डोक्यावरही सौम्य विद्युतप्रवाह वापरून पाहिला होता. मन आणि वीज यांचा संबंध जोडण्याचा प्रयत्न इतका जुना आहे.

७/२४
ऑगस्ट १८३१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी एका लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. पहिल्यातून प्रवाह सोडताक्षणी दुसऱ्याला जोडलेली सुई हलली आणि लगेच पूर्ववत स्थिरावली. प्रवाह स्थिर वाहत असताना काहीच घडले नाही. तो बंद करताच सुई पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेने.

अर्थ स्पष्ट होता. चुंबकीय क्षेत्र नुसते असून भागत नाही. ते बदलावे लागते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते. शाळेत ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ म्हणून शिकवला जाणारा नियम तो हाच. मानवी मेंदू हाही विजेचा वाहक आहे, ही गोष्ट उपयोगात यायला मात्र दीडशे वर्षे लागणार होती.

८/२४
१८७० पर्यंत बहुतेक शरीरशास्त्रज्ञांचा समज होता की, मेंदूच्या बाह्य थराला विजेने डिवचले तरी काही होत नाही. बर्लिनमध्ये गुस्टाफ फ्रिच आणि एदुआर्ड हिट्झिग यांनी तो खोडून काढला. कुत्र्याच्या उघड्या मेंदूच्या विशिष्ट जागी क्षीण प्रवाह दिला की शरीराच्या विरुद्ध बाजूचा विशिष्ट स्नायू हलतो, हे त्यांनी दाखवले. जागा बदलली की स्नायू बदलतो. मेंदूत शरीराचा जणू नकाशाच आहे, याचा हा प्रयोगसिद्ध पुरावा होता.

साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. माणसाचे काय?

९/२४
या प्रश्नाचे उत्तर १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका स्त्रीकडून वसूल करण्यात आले. मेरी रॅफर्टी ही सुमारे तीस वर्षांची, घरकाम करून पोट भरणारी आयरिश स्त्री. डोक्यावरील कर्करोगाच्या व्रणाने तिची कवटी कुरतडली गेली होती आणि मेंदूची स्पंदने बाहेरून दिसत होती.

डॉ. रॉबर्ट्स बार्थोलो यांनी तिच्या मेंदूत सुया खुपसून प्रवाह सोडला. विरुद्ध बाजूचे हात-पाय आखडले. त्यांनी प्रवाह वाढवला. तिच्या चेहऱ्यावर वेदना उमटली, ती रडू लागली, मग तिला जोराचा झटका आला आणि ती बेशुद्ध पडली. पुढे काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला.

१०/२४
बार्थोलो यांनी हा सारा वृत्तांत स्वतःच वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यावर त्यांच्या व्यवसायबंधूंनी कडाडून टीका केली, अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही निषेध नोंदवला. बार्थोलो यांनी नंतर खेद व्यक्त केला. त्यांची कारकीर्द मात्र अबाधित राहिली.

मेंदू-उद्दीपनाच्या इतिहासात रॅफर्टीचे नाव विसरता कामा नये. मानवी मेंदूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग तेव्हा केवळ जखमेतून जात होता. पुढे १९३० च्या दशकात माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी जागृत रुग्णांच्या मेंदूवर विजेचा स्पर्श करून शरीराचा तपशीलवार नकाशा रेखाटला. तो मार्ग नैतिकदृष्ट्या कितीतरी उजवा होता, कारण ते रुग्ण अपस्मारावरील शस्त्रक्रियेसाठीच आलेले होते. तरीही कवटी उघडावी लागतच होती. निरोगी माणसाचा मेंदू त्या नकाशाबाहेरच राहिला.

११/२४
मग कवटी न उघडता? १८९२ मध्ये अमेरिकेत एडिसन यांच्या प्रयोगशाळेत पीटरसन आणि केनेली यांनी प्रबळ विद्युतचुंबकाच्या क्षेत्रात एका कुत्र्याला आणि नंतर एका मुलाला ठेवून पाहिले. काहीही घडले नाही. मानवी शरीराला चुंबकाची जाणीवच होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

चारच वर्षांनी, १८९६ मध्ये, पॅरिसमध्ये जाक-आर्सेन दार्सोनव्हाल यांनी उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाच्या मोठ्या वेटोळ्यात माणसाचे डोके ठेवले. या वेळी डोळ्यांपुढे प्रकाशाचे कवडसे नाचले, भोवळ आली. मेस्मरनंतर शतकभराने चुंबकाने माणसाच्या मज्जासंस्थेवर खरोखरच काही घडवले होते.

१२/२४
१९०२ मध्ये व्हिएन्नातील पोलाचेक आणि बेअर यांनी विद्युतचुंबकाने मनोविकार बरे करण्याच्या यंत्रासाठी पेटंटही मागितले. मेस्मर यांचेच शहर, सिग्मंड फ्रॉइड यांचाच काळ.

१९१० मध्ये लंडनमध्ये सिल्व्हेनस थॉम्प्सन यांनी दार्सोनव्हाल यांच्यासारखाच प्रयोग केला. कलनशास्त्र सोपे करून सांगणारे त्यांचे प्रसिद्ध पुस्तकही त्याच वर्षीचे. वेटोळ्यात डोके घालताच मिटल्या डोळ्यांपुढेही लुकलुकता प्रकाश दिसे. हा प्रकाश मेंदूत नव्हे, तर डोळ्याच्या पडद्यात उगम पावत होता, हे पुढे स्पष्ट झाले. पडदा संवेदनशील असल्याने क्षीण प्रवाहही त्याला पुरतो. मेंदूच्या पेशी जागवायला क्षेत्र कितीतरी अधिक वेगाने बदलावे लागते आणि तेवढी ताकद त्या काळच्या यंत्रांत नव्हती.

१३/२४
चुंबकाचा मार्ग असा अडला असताना विजेने दुसरी वाट काढली. एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी एका रुग्णाच्या डोक्यातून वीज सोडून त्याला अपस्मारासारखा झटका आणला. विद्युत-झटका उपचार जन्मास आला.

तीव्र नैराश्यावर हा उपचार आजही अत्यंत परिणामकारक मानला जातो. परंतु आरंभीच्या काळात तो भूल न देता केला जाई. हाडे मोडत, स्मृतीला धक्का बसे आणि संमतीचा प्रश्न तर अनेकदा विचारलाही जात नसे. ‘शॉक’ या शब्दाची जी दहशत आजही घराघरांत आहे, तिचे मूळ त्या काळात आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याविना हा उपचार करण्यास मनाई केली.

१४/२४
१९८० मध्ये लंडनमधील पॅट्रिक मर्टन आणि बर्ट मॉर्टन यांनी निराळा प्रयत्न केला. झटका आणण्याइतकी नव्हे, तर विजेची एकच अत्यंत आखूड, उच्च दाबाची लहर त्यांनी टाळूवरून दिली. हाताचा स्नायू फडकला. कवटी न उघडता, पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाच्या मेंदूतील हालचालीचा भाग जागवण्यात यश आले.

अडचण एकच होती. वेदना. कवटीचे हाड विजेला प्रचंड विरोध करते. त्यामुळे बहुतांश प्रवाह टाळूच्या कातडीतून व स्नायूंतूनच फिरतो आणि मेंदूपर्यंत फार थोडा पोहोचतो. संशोधक ते सोसत; रुग्णाला मात्र ते सोसायला सांगणे कठीण होते.

१५/२४
याच सुमारास इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादनगरीत अँथनी बार्कर नावाचे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्या कामात गुंतले होते. हातापायांच्या मज्जातंतूंना चुंबकाने, वेदनेविना कसे जागवता येईल, हा त्यांचा विषय. मेंदू हे प्रारंभीचे लक्ष्य नव्हतेच. १९८२ पर्यंत त्यांच्या गटाला मज्जातंतूंवर यश आले.

मग तेच वेटोळे डोक्यावर धरले गेले आणि विरुद्ध बाजूचा हात हलला. वेदना जवळपास शून्य. मे १९८५ मध्ये बार्कर, रझा जलिनूस आणि इयान फ्रीस्टन यांचा छोटासा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बार्कर यांचा गट आणि मर्टन-मॉर्टन यांनी संयुक्त निवेदनही प्रसिद्ध केले. ‘ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन’, म्हणजे कवटीपार चुंबकीय उद्दीपन, अर्थात टीएमएस, याचा आधुनिक इतिहास येथून सुरू होतो.

१६/२४
यंत्राची रचना फॅरडे यांच्या कड्याइतकीच सरळ आहे. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि ती एका क्षणात तांब्याच्या कॉइलमधून सोडायची. हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागात उसळतो. कॉइलपाशी दीड ते अडीच टेस्लाचे क्षेत्र उभे राहते. हाड चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. ते आरपार जाते आणि टाळूपासून साधारण दोन सेंटिमीटर खोल, मेंदूच्या बाह्य थरात, वीज निर्माण करते.

एमआरआय यंत्राचे क्षेत्रही दीड ते तीन टेस्ला असते, तरी त्याच्या स्थिर क्षेत्रात रुग्ण निवांत पडून राहतो. १८९२ चा प्रयोग का फसला, याचे उत्तर यात आहे. प्रश्न ताकदीपेक्षाही बदलाच्या वेगाचा होता.

१७/२४
पहिला उपयोग निदानासाठी झाला. मेंदूतून निघालेला संदेश हाताच्या स्नायूपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे आता वेदनेविना मोजता येऊ लागले. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मज्जातंतूंवरील आवरण झिजते आणि संदेश रेंगाळतो. हा उशीर मिलिसेकंदांत पकडता येऊ लागला.

१९८८ मध्ये जपानच्या शोगो उएनो यांनी इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराची कॉइल सुचवली. दोन वर्तुळांतील प्रवाह जेथे एकत्र येतात, तेथे परिणाम सर्वाधिक होतो. पूर्वी मेंदूचा मोठा प्रदेश एकदम ढवळला जाई; आता नेम साधता येऊ लागला.

१८/२४
संशोधकांना मात्र याहून मोठी गोष्ट हाती लागली होती. मेंदूची चित्रे दाखवणारी यंत्रे एवढेच सांगतात की, अमुक काम करताना अमुक भाग सक्रिय असतो. तो भाग त्या कामाला आवश्यक आहे की केवळ सोबतीला, हे त्यातून कळत नाही. चुंबकाने तो भाग क्षणभर गोंधळात पाडला आणि काम बिघडले, तर उत्तर मिळते. याला ‘आभासी इजा’ म्हटले जाऊ लागले. ती क्षणात येते, क्षणात ओसरते.

१९८९ मध्ये अमासियन आणि सहकाऱ्यांनी पडद्यावर अक्षरे चमकवली आणि साधारण ८० ते १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागावर एक स्पंद दिला. अक्षरे दिसेनाशी झाली. पाहण्याची क्रिया मेंदूत केव्हा घडते, याचे घड्याळच जणू सापडले.

१९/२४
१९९७ मधील एक प्रयोग तर विलक्षण आहे. लहानपणापासून अंध असलेल्या व्यक्ती बोटांनी ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूच्या मागील, म्हणजे एरवी दृष्टीला वाहिलेल्या भागावर चुंबकाचे स्पंद देण्यात आले. वाचताना चुका होऊ लागल्या. डोळ्यांचे काम नसलेला तो भाग रिकामा पडून राहिला नव्हता. त्याने बोटांची भाषा आत्मसात केली होती.

१९९५ मध्ये आल्व्हारो पास्कुआल-लिऑने यांनी पियानो शिकणाऱ्यांच्या मेंदूतील बोटांचा नकाशा मोजला. पाच दिवस रोज दोन तास सराव करणाऱ्यांचा तो नकाशा विस्तारला. केवळ मनातल्या मनात सराव करणाऱ्यांचाही विस्तारला. १७८४ च्या आयोगाने ‘कल्पना’ म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट येथे मोजपट्टीवर उतरली.

२०/२४
उपचाराकडे वळण्यामागे एक निरीक्षण होते. १९८७ मध्ये रेजिनाल्ड बिकफर्ड आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की, काही स्वयंसेवकांचे मन स्पंदानंतर थोडा वेळ प्रसन्न होते. १९९३ मध्ये जर्मनीतील बॉन येथे नैराश्याच्या दोन रुग्णांवर पहिला प्रयोग झाला. १९९५ मध्ये अमेरिकेत मार्क जॉर्ज यांच्या गटाने सहा रुग्णांवर रोज, कपाळामागील डाव्या भागावर, वारंवार स्पंद देण्याची पद्धत वापरली. नैराश्यात हा भाग मंदावलेला असतो, अशी मेंदूच्या चित्रांवरून धारणा होती. काहींना लक्षणीय आराम पडला.

जागा कशी शोधत? अंगठा हलवणारा बिंदू सापडला की तेथून पाच सेंटिमीटर पुढे. मात्राही अंगठा हलायला लागणाऱ्या ताकदीवरूनच ठरे. शेफील्डमधील हाताची ती हालचाल मापाचे एकक बनली आणि आजही मात्रा अशीच ठरते.

२१/२४
धोकाही समोर आला. स्पंद फार वेगाने, फार जोराने, विश्रांतीविना दिले तर निरोगी माणसालाही अपस्माराचा झटका येऊ शकतो, हे १९९० च्या दशकात काही प्रसंगांतून कळले. जून १९९६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे संशोधक एकत्र आले आणि वेग, ताकद व विश्रांतीच्या मर्यादा ठरवल्या. १९९८ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर असे झटके अत्यंत विरळ झाले. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना हा उपचार दिला जात नाही.

बार्थोलो यांनी प्रवाह वाढवत नेला, तेव्हा त्यांना थांबवणारे कोणी नव्हते. सव्वाशे वर्षांनी कोठे थांबायचे हे कागदावर आले. हाही विज्ञानाच्या इतिहासातील शोधच मानायला हवा.

२२/२४
आणि मग पट्टी परतली. खरा परिणाम ओळखायचा तर काही रुग्णांना खोटी कॉइल लावणे भाग होते. पण टीएमएसचा स्पंद ‘टक्’ असा आवाज करतो, टाळूवर टिचकी मारल्यासारखे जाणवते. खोट्या कॉइललाही ते सोंग आणावे लागले.

२००७ मध्ये ३०१ रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. उपचाराचा परिणाम शून्य असता तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता ५.७ टक्के निघाली. मान्य मर्यादा होती ५ टक्के. मुख्य कसोटी निसटत्या फरकाने हुकली. तरी एका औषधाचा उपयोग न झालेल्या रुग्णांच्या गटात फायदा ठळक होता. त्या आधारे ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उपचाराला परवानगी दिली. टीकाकारांनी तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या.

२३/२४
२०१० मध्ये सरकारी निधीतून, यंत्र बनवणाऱ्या कंपनीपासून स्वतंत्रपणे, १९० रुग्णांवर झालेल्या चाचणीने उत्तर दिले. खऱ्या उपचाराने सुमारे १४ टक्के रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त झाले, खोट्याने ५ टक्के. परिणाम खरा होता; चमत्कार नव्हता.

२०१८ ची माजी सैनिकांवरील चाचणी, जिच्यापासून हा धागा सुरू झाला, तिने पुन्हा सर्वांना विचारात पाडले. १६४ रुग्ण, ४१ विरुद्ध ३७ टक्के. अनेक औषधे निकामी ठरलेली ही माणसे खोट्या कॉइलखालीही एवढ्या संख्येने का सावरली? एक स्पष्टीकरण असे : आठवडेच्या आठवडे, जवळजवळ रोज, कोणीतरी त्यांची वाट पाहत होते, विचारपूस करीत होते, त्यांच्या दुःखाची नोंद घेत होते. एका चाचणीने बाकीच्या चाचण्यांचा पुरावा पुसला जात नाही; ही आकडेवारी मात्र विसरताही येत नाही.

२४/२४
संशोधन थांबलेले नाही. पूर्वी एका वेळचा उपचार साडेसदतीस मिनिटे चाले; तीन मिनिटांची नवी पद्धत तितकीच उपयुक्त असल्याचे २०१८ मध्ये ४१४ रुग्णांवर दिसले. स्टॅनफर्डमध्ये विकसित झालेल्या, दिवसाला दहा याप्रमाणे पाच दिवसांच्या उपचारपद्धतीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ओसीडीसाठी परवानगी २०१८ ची. भारतात बंगळूरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था येथे या विषयावर संशोधन झाले आहे. या उपचाराला भूल लागत नाही, स्मृतीला धक्का बसत नाही. डोकेदुखी आणि टाळूची वेदना हे नेहमीचे त्रास.

मेस्मर यांचा प्रवाह खोटा होता, हे आयोगाचे म्हणणे निर्विवाद आहे. चुंबक मेंदूला जागवतो, हे बार्कर यांचे म्हणणेही तितकेच निर्विवाद. या दोन सत्यांच्या मधोमध रुग्ण बसलेला असतो. आपल्या कपाळाशी धरलेली कॉइल खरी की खोटी, हे चाचणीत त्याला ठाऊक नसते, आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. आज या उपचाराविषयी जे काही खात्रीने सांगता येते, ते अशा शेकडो अनाम माणसांच्या संमतीवर उभे आहे. मेरी रॅफर्टीला असा पर्याय कोणी खऱ्या अर्थाने दिला नव्हता.

#इतिहास #विज्ञानाचा_इतिहास #मराठी